नाशिकची वाइन टूर: टाकीपाशी रेंगाळा, ग्लासची घाई नको

नाशिकच्या वाइनरीत टूरचं तिकीट काढलं की साधारण पाऊण तासात बाग, क्रशर, स्टीलच्या टाक्या आणि पिपांची खोली दाखवतात आणि शेवटी पाच-सहा वाइन घोट-घोट चाखायला देतात. जानेवारी ते मार्चमध्ये, तोडणी चालू असताना गेलात तर पैसे वसूल. पावसाळ्यात हिरवळ झकास असते, पण टाक्या गप्प असतात आणि गाइडचं बोलणं पाठ केल्यासारखं वाटतं.

बागेतला भाग द्राक्ष पट्ट्यातल्या माणसाला सोपा जातो. फ्रेंच लोक ज्याला व्हेरेझों म्हणतात, ते म्हणजे आपल्याकडचं मण्यात पाणी उतरणं, कडक मणी मऊ पडून गोडी धरायला लागणं. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, तोही ओळखीचा. त्या आकड्याला 0.55 ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज येतो: 22 ब्रिक्सच्या रसातून 12 टक्क्यांच्या आसपास. गोडी वाढते तसं आम्ल उतरतं, म्हणून घड फार दिवस वेलीवर ठेवले तर वाइन दणकट होते पण बेचव, पिठूळ लागते.

खरा माल टाकीपाशी आहे. देठ काढून फोडलेल्या द्राक्षांचा रस, साल, बिया असा जो काला होतो तो मस्ट. पांढऱ्या वाइनसाठी रस आधी गाळून घेतात आणि 12 ते 16 अंशांवर सावकाश आंबवतात. लाल वाइन सालीसकट, 25 ते 28 अंशांवर. आंबताना निघणारा वायू साली वर ढकलतो आणि टाकीच्या तोंडाशी जांभळा, जाड थर धरतो. हीच कॅप. दिवसातून दोन-तीनदा खालचा रस पंपाने तिच्यावर सोडतात, तो पंप-ओव्हर. त्यात हयगय झाली तर कॅप सुकते, सालीचा रंग रसात उतरत नाही आणि वर व्हिनेगरचे जिवाणू माजतात. पंप-ओव्हर कधी आहे ते विचारून तेवढा वेळ थांबा. मात्र टाकीत डोकं घालू नका, तो कार्बन डायऑक्साइड जिवावर बेततो.

मॅलोलॅक्टिक हा शब्द ऐकून लोक मान डोलावतात आणि पुढे जातात. प्रकार घरगुती आहे: जिवाणू हिरव्या सफरचंदातल्या मॅलिक आम्लाचं दह्यातल्या लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. आंबटपणा मऊ पडतो आणि कधी लोण्यासारखा वास येतो. बहुतेक लाल वाइनवर ही प्रक्रिया करतात. सोविन्यों ब्लांसारख्या तरतरीत पांढरीवर सहसा टाळतात.

टेस्टिंग मात्र बऱ्याचदा कच्चं असतं. ग्लास गोल फिरवायला शिकवतात, काचेवरून ओघळणारे ‘लेग्ज’ दाखवून दर्जाची ग्वाही देतात. ते ओघळ अल्कोहोल उडून जाण्यामुळे होतात, दर्जाशी त्यांचा संबंध नाही. दुसरा घोळ ‘फ्रूटी’चा. ऐकणाऱ्याला वाटतं गोड. फ्रूटी हा वास; ड्राय म्हणजे साखर जवळपास संपलेली, युरोपच्या नियमात साधारणपणे लिटरला 4 ग्रॅमपर्यंत. नाक चिमटीत धरून घोट घ्या: पेरूचा वास गायब होईल, साखर असेल तर जिभेवर राहील. बुडबुड्यांच्या स्पार्कलिंग वाइनच्या लेबलवर तर उलटी गंमत आहे. ब्रूटमध्ये साखर 12 ग्रॅमच्या आत, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17. म्हणजे एक्स्ट्रा ड्राय जास्त गोड!

टॅनिन, म्हणजे साल-बियांतला तुरटपणा, आणि आम्ल यांतही गल्लत होते. तोंडाला पाणी सुटलं तर आम्ल. हिरड्या कोरड्या, बिनदुधाचा कडक चहा प्यायल्यासारखं तोंड आकसलं तर टॅनिन.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला देतो असं अभिमानाने सांगितलं तर सावध व्हा. ती खोली युरोपातली, 16 ते 18 अंशांची. मार्चच्या दुपारी दिलेल्या कोमट शिराझमध्ये अल्कोहोलच नाकात झोंबतं. बर्फाच्या पाण्यात बाटली दहा मिनिटं बुडवायला सांगा, संकोच नको. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ती वाइन ‘कॉर्क्ड’, म्हणजे खराब बुचाने बिघडलेली, बदलून मागा. स्क्रू कॅपच्या बाटलीत हा दोष क्वचित. लेबलवर ‘रिझर्व्ह’ लिहिलेल्या वाइनला जास्त पैसे मोजण्याआधी पिपात किती महिने होती ते विचारा. स्पेनच्या रिओहात लाल रेझर्वा म्हणजे किमान 3 वर्षं, त्यातलं 1 पिपात, असा नियम आहे. इतर बऱ्याच ठिकाणी तो शब्द मालकाच्या मर्जीचा.

खरेदी परतताना करा आणि बाटल्या डिकीत टाकू नका. उन्हात मुंबई गाठेपर्यंत वाइन शिजते: फळाचा ताजा वास जाऊन मुरांब्यासारखा येतो, कॉर्क वर सरकतो. थर्मोकोलचा डबा घ्या आणि पुढे एसीत, पायापाशी ठेवा.