आईच्या बॅलन्सची फिजिओथेरपी, सात महिन्यांनंतर

आई ६९ वर्षांची, शुगर १८ वर्षांपासून. मागच्या दिवाळीच्या आधी बेसिनपाशी पडली. तोंडाला साबण, डोळे मिटलेले अन् तोल गेला, चक्कर वगैरे काही नाही. आम्ही म्हटलं फरशी ओली असेल.

पहिल्या ठिकाणी पायाला मशीन लावून दहा सिटिंग केले, पैसे गेले, चालण्यात काडीचा फरक नाही, अन् बॅलन्स कोणी तपासलाच नाही याचं मला अजून वाईट वाटतं. मग प्रतापनगरच्या एक मॅडम घरी यायला लागल्या. त्यांनी आधी आईला डोळे मिटायला लावून तळपायाला १० ग्रॅमवाला नायलॉनचा धागा टेकवला (तो वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो, तेवढा कळतो का ते बघतात). "कळलं का काकू?" तर आई म्हणते, "लावा ना आधी." धागा वाकलेला मला दिसून राहिला होता. मग पाय जुळवून उभं केलं, डोळे उघडे तोवर ठीक, मिटले की लगेच झोक. तेव्हा बेसिनचं कळलं! शुगरने तळपाय बधिर झालेले, पायाला जमीन समजतच नव्हती, ती डोळ्यांच्या भरवशावर उभी राहायची, म्हणूनच रात्री बाथरूमला जाताना भिंत धरायची.

व्यायाम साधेच. ओटा धरून टाचा उचलायच्या, हात न टेकता खुर्चीतून उठायचं-बसायचं, एका पावलापुढे दुसरं लावून उभं राहायचं, आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका, मग नुसतं बोट टेकवून. मागे कोणीतरी पाहिजेच. पहिला दीड महिना काही फरक नाही, आई जाम कंटाळली होती. खुर्चीतून उठून ३ मीटर जाऊन परत येऊन बसायला तेव्हा १९ सेकंद लागायचे, आता १३, मॅडमना १२ च्या आत पाहिजे.

बधिरपणा गेला नाही हे स्पष्ट सांगते, तळपाय आजही तसेच आहेत. पण पोटऱ्या-घोट्यांत जोर आला, तोल गेला तर सावरते.

मे महिन्यात मात्र गच्चीवर पापड वाळवायला अनवाणी गेली, नागपूरचं ऊन तुम्हाला माहीतच आहे, तळव्याला फोड आला अन् तिला पत्ताच नाही, संध्याकाळी फरशीवर ओले ठसे मला दिसले तेव्हा कळलं. तीन आठवडे उभ्याचे व्यायाम बंद. आता घरातही मागून पट्ट्याची चप्पल, अन् रात्री मी स्वतः तिचे तळवे बघते.

मॅडम आता पंधरा दिवसांतून एकदा येतात, बाकी आम्ही घरीच करून राहिलो. तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेवर ठेवायला शिकवलंय, तेवढं ती न विसरता करते.