ताकदीच्या नावाखाली विकत घेतलेला आवाज

माझ्याकडे २०१६ साली पुण्यात नोंदणी झालेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. चाकणच्या कारखान्यात तयार झालेल्या या लहान गाडीचे ११९७ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन १०५ पीएस शक्ती आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क देते, आणि रोजच्या वापरासाठी ते पुरेसे असूनही मला ते कमी वाटू लागले, हे या सगळ्या प्रकरणाचे खरे मूळ आहे. इंजिनाला हवा पुरवणारा इनटेक आणि धूर बाहेर टाकणारा एक्झॉस्ट असे दोन्ही भाग बदलून घेण्यासाठी मी शहराबाहेरील एका मॉडिफिकेशनच्या गॅरेजमध्ये एकूण ६८,००० रुपये दिले. त्या व्यवहारात माझी फसवणूक झाली. ती कशी झाली हे सविस्तर लिहीत आहे, कारण ती ढोबळ नव्हती. मी माझ्या समजुतीप्रमाणे प्रत्येक पायरीवर खात्री करून घेत होतो आणि तरीही फसलो.

ठरलेले काम असे होते. मूळ एअर फिल्टरच्या बंद डब्याऐवजी एका नामांकित परदेशी कंपनीचा ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवायचा, त्याचे १८,००० रुपये. मूळ सायलेन्सरऐवजी ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा ‘कॅट-बॅक’ एक्झॉस्ट बनवून द्यायचा, त्याचे ४२,००० रुपये. आणि कामाच्या आधी व नंतर डायनोवर, म्हणजे गाडीची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, मोजणी करून द्यायची, तिचे ८,००० रुपये. कॅट-बॅक या शब्दाचा अर्थ जाणून घेणे येथे आवश्यक आहे. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या भागाच्या, लगेच पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, ज्यातील प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या मौल्यवान धातूंच्या पातळ थरावर विषारी वायूंचे तुलनेने निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. कॅट-बॅक म्हणजे या कन्व्हर्टरला हात न लावता त्याच्या मागचे पाइप आणि मफलर (म्हणजेच सायलेन्सर) तेवढे बदलणे. मी हे तीन वेळा विचारून घेतले होते. “सर, कॅटला हात लावायचा प्रश्नच येत नाही,” असे मला तिन्ही वेळा सांगण्यात आले.

वेल्डिंगला वेळ लागतो, या कारणाने गाडी रात्रभर ठेवून घेण्यात आली. दुसऱ्या दिवशी मी जुने सुटे भाग परत मागितले, तेव्हा कोणतीही खळखळ न करता मूळ मफलर आणि फिल्टरचा डबा माझ्या डिकीत ठेवला गेला. या तत्परतेनेच माझा संशय मावळला. नवा पाइप खरोखर ३०४ चा आहे का, हे पाहण्यासाठी मी खिशात लोहचुंबक नेला होता. तो चिकटला नाही आणि मी समाधानाने मान डोलावली. हे माझे अर्धवट ज्ञान होते. चुंबक न चिकटल्याने इतकेच कळते की तो पाइप साध्या लोखंडाचा किंवा ४०९ सारख्या चुंबकीय स्टेनलेसचा नाही. २०२ प्रतीचे स्वस्त स्टेनलेस, ज्यात महागड्या निकेलचा बराचसा वाटा मँगनीजने भरून काढलेला असतो, तेही चुंबकाला दाद देत नाही, आणि चकाकीत तर दोन्हींत काडीचा फरक दिसत नाही.

डायनोचा रंगीत आलेख पाहून मात्र मी खरोखर हरखलो. निळी रेषा ८८ बीएचपीवर (हेही पीएससारखेच शक्तीचे एकक) टेकत होती आणि लाल रेषा १०८ वर, म्हणजे सरळसरळ २० बीएचपीची वाढ. उभा अक्ष शून्याऐवजी ८० पासून सुरू केलेला असल्यामुळे लाल रेषा निळीच्या कितीतरी पट उंच भासत होती. तो कागद मी आठवडाभर ज्याला त्याला दाखवत हिंडलो, हे आज लिहितानाही ओशाळल्यासारखे होते.

पहिली शंका इनटेकमुळे आली. गाडीत वेग घेताना हवा ओढल्याचा घोगरा आवाज आणि पाय उचलल्यावर ‘फुस्स’ असा उसासा ऐकू येई, आणि त्यामुळे गाडी अधिक जोरात पळते असे वाटे. परंतु चांदणी चौकाच्या वाहतुकीत दुपारी अडकल्यानंतर ती पूर्वीपेक्षा मंद उचलते, हेही जाणवे. बॉनेट उघडून पाहिले तेव्हा नवा शंकूच्या आकाराचा फिल्टर कोणत्याही आडपडद्याशिवाय इंजिनाच्या उष्णतेतच उघडा बसवलेला दिसला. मूळ डबा पुढच्या जाळीजवळून बाहेरची हवा घेत असे. हा ‘कोल्ड एअर’ फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा घेत होता. फ्रिजसाठी मिळतो तसा लांब वायरीचा डिजिटल तापमापक मी फिल्टरच्या तोंडाशी बांधला. बाहेर ३३ अंश असताना, थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत तेथे ६१ अंशांची नोंद झाली. हवेचे तापमान साधारण ३ अंशांनी वाढले की तिची घनता सुमारे एक टक्क्याने घटते, म्हणजे माझे इंजिन आठ-नऊ टक्के विरळ हवा घेत होते आणि ती तूट भरून काढण्यासाठी टर्बोला अधिक राबावे लागत होते. मोकळ्या रस्त्यावर हा आकडा खाली येतो, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पुण्यात मोकळा रस्ता दिवसातून किती वेळ मिळतो? पुढे त्या फिल्टरवरचा क्रमांक मूळ कंपनीच्या संकेतस्थळावर शोधला असता तो एका वेगळ्याच गाडीच्या फिल्टरचा निघाला. खोका, होलोग्राम आणि स्टिकर मात्र हुबेहूब होते.

खरा धक्का पीयूसीच्या वेळी बसला. माझ्या गाडीसारख्या बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, आणि यंत्रावर १.१ आले. केंद्रावरच्या मुलाने दोनदा नळी घालून पाहिली आणि शेवटी विचारले, “काका, कॅट काढलाय का?” मी ठामपणे नाही म्हणालो. गेले दोन महिने पार्किंगमध्ये गाडी सुरू केल्यावर कच्च्या पेट्रोलचा वास येतो, अशी घरातून तक्रार होत होती आणि मी ती उडवून लावत होतो, हे मला त्या क्षणी आठवले.

दुसऱ्याच दिवशी गाडी आमच्या जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी ती रॅम्पवर घेतली, टर्बोखाली टॉर्च मारला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या जागी सरळ पाइप जोडलेला होता. त्याच्या मागे असलेला दुसरा ऑक्सिजन सेन्सर एका लहानशा स्पेसरवर चढवून धुराच्या मुख्य प्रवाहापासून दूर ओढलेला होता, जेणेकरून त्याला कन्व्हर्टर जागेवर असल्याचा भास व्हावा आणि डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागू नये. “साहेब, हा बारका तुकडा बघा. हा लावणाऱ्याला पक्कं माहीत होतं तो काय करतोय ते,” एवढेच ते म्हणाले. जुना मफलर मला इतक्या तत्परतेने का परत दिला गेला, हे तेव्हा उलगडले. मफलरला भंगारात पत्र्याची किंमत येते. कन्व्हर्टरला आतल्या धातूंची येते, आणि तो मूळ भाग नव्याने बसवण्यासाठी मला सांगितला गेलेला आकडा माझ्या एकूण खर्चाच्या दुपटीहून अधिक होता. त्या गॅरेजने माझ्याकडून मजुरी घेऊन माझ्याच गाडीतील सर्वांत महाग भाग काढून नेला होता.

मग मी तो आलेख पुन्हा बाहेर काढला. भिंगाखाली पाहिल्यावर निळ्या रेषेच्या सूचीत ‘व्हील’ आणि लाल रेषेच्या सूचीत ‘इंजिन’ असे लिहिलेले दिसले. डायनो चाकांवरची शक्ती मोजतो. गिअरबॉक्स आणि इतर भागांत होणारी घट गृहीत धरून इंजिनाची शक्ती त्यावरून अंदाजाने काढली जाते. कामाआधीचा आकडा चाकांवरचा होता आणि कामानंतरचा, १५ टक्के घट मिळवून फुगवलेला, इंजिनाचा होता. १०८ मधून १५ टक्के वजा केल्यास ९१.८ उरतात. म्हणजे प्रत्यक्ष वाढ चारच्याही आत होती, आणि तीसुद्धा पहिली मोजणी दुपारी ३८ अंशांत, तापलेल्या इंजिनावर, आणि दुसरी सकाळी २६ अंशांत केल्यानंतरची. दोन्ही मोजण्यांची मूळ डिजिटल फाइल, दोन्हींचे तापमान आणि दोन्ही आकडे एकाच प्रकारचे असल्याची खात्री, यांशिवाय असा कागद हाती घेऊ नये. आणि काम चालू असताना स्वतः रॅम्पशेजारी उभे राहता येत नसेल, तर गाडी तेथे ठेवूच नये.

मी जाब विचारायला गेलो तेव्हा गॅरेजच्या मालकाने आवाजही चढवला नाही. “सर, तुम्हालाच पॉवर हवी होती. तक्रार कुठे करणार? हीच गाडी घेऊन आरटीओत जाणार का?” असे त्याने हसत विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार ध्वनी व वायू प्रदूषणाच्या मानकांचा भंग करणारी गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्यालाही तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यासाठी अपात्रता अशी तरतूद आहे. कलम ५२ गाडीतील फेरफारांवर बंधने घालते. असे बदल विमा कंपनीला कळवावे लागतात आणि मी ते कळवलेले नव्हते. त्याच्या धंद्याचे खरे संरक्षण माझी हीच अडचण होती. आपल्या गिऱ्हाइकाचे हात आधीच अडकलेले आहेत हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि म्हणूनच कच्च्या पावतीवर केवळ ‘काम’ एवढा एकच शब्द आणि रक्कम होती. जीएसटी क्रमांक नाही, धातूची प्रत नाही, कॅट-बॅक हा शब्द नाही.

वकील असलेल्या एका मित्राने मला एक गोष्ट स्पष्ट करून सांगितली, ती अशाच पेचात असलेल्यांना उपयोगी पडेल. कन्व्हर्टर परस्पर काढून घेणे हा माझ्या बेकायदा हौसेपासून वेगळा विषय आहे, त्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्कही लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवता येते. मी ती नोंदवली. परंतु काय ठरले होते हे दाखवणारा लेखी पुरावा माझ्याकडे नव्हता. सगळे बोलणे तोंडी झाले होते, आणि पैसे भरताना मी शेरा म्हणून एक हसरा चेहरा टाकला होता. अद्याप एक रुपयाही परत आलेला नाही.

गाडीला कन्व्हर्टर पुन्हा बसवून घेतला, मूळ मफलर आणि मूळ फिल्टरचा डबा लावला, आणि पीयूसीच्या यंत्रावर ०.०४ हा आकडा आला. काढलेला एक्झॉस्ट पावसाळाभर बाल्कनीत पडून होता. दसऱ्याच्या आधी भंगारवाला आला, तेव्हा वेल्डिंगच्या कडेने तांबूस डाग पसरलेले होते. त्याने झोळीतून एक छोटी बाटली आणि नऊ व्होल्टचा सेल काढला, पाइपवर एक थेंब टाकून तारा टेकवल्या, आणि थेंब पाहता पाहता लाल झाला. “दोनशे दोन आहे, साहेब. तीनशे चारचा भाव नाही मिळायचा,” असे म्हणून त्याने काटा लावला. वजन ११ किलो भरले आणि त्याने माझ्या हातावर साडेपाचशे रुपये ठेवले.