हिंगण्यात बनवलेलं समुद्राचं मशीन

पाटबंधारे खात्यात मी ३१ वर्षं काढली. पाण्याबद्दल मला कोणी काही शिकवावं असं वाटत नव्हतं, आणि तिथेच घात झाला.

आम्ही चौघे नागपूरच्या व्हीआरसीई या इंजिनीअरिंग कॉलेजचे वर्गमित्र. (आता व्हीएनआयटी म्हणतात, म्हणोत.) दोघे मुंबईत, एक पुण्यात, मी नागपुरात. निवृत्तीनंतर चौघांनी मिळून एक जुनी ३६ फुटी शिडाची यॉट घेतली. ती गेटवेसमोर नांगरलेली असते. मी वर्षातून दोनदा विदर्भ एक्स्प्रेसने जातो, दोन दिवस उलट्या करतो आणि परत येतो. घरचं मत असं की हेच इथल्या फुटाळा तलावावर स्वस्तात झालं असतं.

मागच्या वर्षी लक्षद्वीपला जायचं ठरलं. टाकी २०० लिटरची, माणसं चार, त्यामुळे समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करणारं मशीन हवंच होतं. तासाला ६० लिटर देणाऱ्या परदेशी मशीनचा भाव बसवण्यासकट सहा लाखांच्या वर सांगितला गेला. मी ग्रुपवर लिहिलं, "शेवटी आरओच ना? आपल्या हिंगणा एमआयडीसीत बनवून घेतो, निम्म्या पैशात." हा मेसेज मित्रांनी अजून पिन करून ठेवला आहे.

ओळखीच्या ओळखीतून एकाशी गाठ पडली. हिंगण्याला शेड, दारात आरओच्या पांढऱ्या नळकांड्यांची रास, बोलणं एकदम गोड. "काका, समुद्र असो का कन्हान, पाणी ते पाणीच ना! आमचे प्लांट अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात चालून राहिले. तुम्ही काऊन टेन्शन घेता?" खारपाणपट्टा म्हटल्यावर मी विरघळलोच. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी मी नोकरीत पाहिलेलं आहे. पण ते कितीही खारट असलं तरी टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार मिलिग्रॅममध्ये, हजारांत असतो, फार तर काही हजार. समुद्राचा ३५ हजारांच्या आसपास. हे मला पाठ होतं, आणि तरीही त्या शेडमध्ये खुर्चीवर बसून चहा पिताना मला ते आठवलं नाही.

सौदा २ लाख ८५ हजारांत ठरला. महिन्याभराने डेमोला बोलावलं. स्टेनलेसची चकाचक फ्रेम, पंप, दाब दाखवणारा ग्लिसरीन भरलेला गेज आणि मेंब्रेनवर, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या गुंडाळीवर, निळं स्टिकर: 'एसडब्ल्यू', म्हणजे समुद्राच्या पाण्यासाठीचं. मशीन शेडमधल्या बोअरवेलवर चालवलं. टीडीएस पेन आत ८७०, बाहेर ३८. "पाहा काका, ६० सांगितले होते, ७५ लिटर येऊन राहिले तासाला!" त्याच्या पोऱ्याने काचेच्या ग्लासात पाणी दिलं. मी प्यायलो, खूश झालो, आणि मोबाइलवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला.

तो व्हिडिओ नंतर मी किती वेळा पाहिला असेल! १४ व्या सेकंदाला गेज दिसतो. काटा १० बारवर आहे.

समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा ऑस्मोटिक दाबच साधारण २७ बार असतो. तेवढा दाब ओलांडेपर्यंत मेंब्रेनमधून गोडं पाणी पलीकडे जातच नाही. म्हणून बोटीवरची मशीन ५५ ते ६० बारवर चालतात, पीएसआय या दाबाच्या दुसऱ्या मापात ८०० च्या आसपास. आपल्या स्वयंपाकघरातल्या आरओचा पंप पाच-सात बारचा असतो. १० बारवर ७५ लिटर पाणी भडाभडा येतंय, याचा अर्थ मशीन उत्तम आहे असा होत नाही, तर समोर बोअरचं हलकं पाणी आहे आणि आत तसल्याच पाण्याचं मेंब्रेन आहे असा होतो. पाटबंधारे खात्याचा निवृत्त कार्यकारी अभियंता समोर उभा राहून टाळ्या वाजवतोय, हेही त्या व्हिडिओत ऐकू येतं.

मशीन ट्रान्सपोर्टने मुंबईला गेलं. बसवायला तो स्वतः येणार होता, आला पोऱ्या. बंदरातलं पाणी गढूळ आणि तेलकट, तेल लागलं की मेंब्रेन गेलंच, म्हणून आम्ही बाहेर खांदेरीच्या पुढे जाऊन मशीन सुरू केलं. एवढी अक्कल मित्रांनी तरी दाखवली. ३५ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह सुटायला लागला, त्यापुढे काटा जाईना. पाणी आलं तासाला नऊ लिटर. पेनवर २,३००. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ५०० पर्यंत योग्य आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्या असं आहे. आमचं त्याच्याही वर. त्या पाण्याचा चहा केला होता. दूध नासलं नाही एवढंच.

फोन केला. "काका, नवीन मेंब्रेन आहे, सेट व्हायला टाइम लागते. नळाच्या पाण्याने रोज धुवा." हा सल्ला नीट लक्षात ठेवा, कारण तो उलटा आहे. गोड्या पाण्याने मेंब्रेन धुवायचं हे खरं, प्रत्येक वेळी वापरल्यावर धुवायचं, आणि बोट उभी असेल तर आठवड्याभरात पुन्हा. पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते या मेंब्रेनला खाऊन टाकतं. धुण्याचं पाणी आधी कार्बन फिल्टरमधून जायला हवं. जास्त दिवस बंद ठेवायचं असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण भरून ठेवतात. आमच्या मशीनला कार्बन फिल्टर दिलाच नव्हता, आणि वर १८ हजार रुपये 'वर्षाचं मेंटेनन्स' म्हणून आगाऊ घेतले होते. मेंटेनन्स करणारा हिंगण्यात, बोट मुंबईत!

अकराव्या दिवशी फिटिंगच्या आट्यांतून चहाच्या रंगाचे ओघळ उतरले. ३१६ ग्रेडचं स्टील लावलं असं तोंडी सांगितलं होतं. ३०४ आणि ३१६ दिसायला सारखेच, चुंबकानेही फरक कळत नाही. फरक असतो तो मॉलिब्डेनमचा, आणि तो तपासणारं थेंब टाकायचं किट बाजारात मिळतं. मी ते नंतर आणलं. थेंबाचा रंग बदलला नाही. पंप मुंबईच्या मित्राने ओळखला, गाड्या धुण्याच्या सेंटरवर असतो तो, पितळी डोक्याचा. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि मागे राहतो तो भुसभुशीत लालसर धातू.

मेंब्रेनची गंमत शेवटी कळली. नळी उघडून ते बाहेर काढलं, अडीच इंच जाड, चाळीस इंच लांब, आणि सिंकशेजारी उभं केलं. पाण्यात राहून निळ्या स्टिकरचा कोपरा सुटला होता. पुण्याच्या मित्राने नखाने तो हलकेच ओढला. खाली कंपनीचं मूळ लेबल, त्यावर 'बीडब्ल्यू', आणि कमाल दाब ६०० पीएसआय. बीडब्ल्यू म्हणजे मचूळ पाण्यासाठीचं. दोन्ही मेंब्रेनचं माप एकच असतं, एकाच नळीत बसतात. समुद्रासाठीच्या मेंब्रेनवर १००० पीएसआयपर्यंतचा आकडा असतो. कोणी बोलत नव्हतं. मग एक जण म्हणाला, "तू टाळ्या वाजवल्या होत्यास ना रे?"

मशीन परत नागपूरला आणलं. आता मी ती चाचणी केली जी पहिल्या दिवशी करायला हवी होती. इतवारीतून साधं मीठ आणलं, १०० लिटरच्या ड्रममध्ये साडेतीन किलो विरघळवलं. झाला अरबी समुद्र, प्रतापनगरच्या पार्किंगमध्ये. गोडं आणि खारं, दोन्ही पाणी परत त्याच ड्रममध्ये सोडायचं, म्हणजे खारटपणा बदलत नाही. साध्या टीडीएस पेनवर ड्रममधलं पाणी मोजता येत नाही, बहुतेक पेनं दहा हजारांच्या आतच थांबतात. पण बाहेर पडणारं मोजता येतं. आमचं ३५ बारच्या पुढे जात नव्हतंच, पण मशीन घेताना ५५ बारवर तासभर चालवून बाहेरचं पाणी ५०० च्या खाली आलं, तरच पैसे द्यावेत. मिठाला १०० रुपयेही लागले नाहीत.

पैशांचंही सांगतो. बिल मागितलं तेव्हा ९० हजारांचं पक्कं मिळालं, त्यावर 'वॉटर फिल्टर पार्ट्स' एवढंच. बाकी कच्च्या कागदावर. रक्कम तीन वेळा मिळून यूपीआयने गेली, फर्मच्या खात्यात नव्हे, त्याच्या भाच्याच्या नंबरवर. जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. मी पाहिला तेव्हा तो रद्द झालेला होता, आणि मी पाहिला तो फसल्यानंतर.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केला. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही अर्ज करता येतो, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला फी नाही. मशीनवाल्याचा वकील म्हणतो मशीन बोअरसाठीच विकलं होतं. माझ्याकडे ते निळं स्टिकर आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि व्हॉट्सअॅपवरचे त्याचे मेसेज, ज्यात 'समुद्र' हा शब्द सात वेळा आहे. लक्षद्वीप पुढच्या हंगामावर गेलं. मित्रांनी परदेशी मशीन घेतलं, मला खरेदी समितीतून वगळून.

आमचं मशीन पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली आहे. परवा वॉचमनने विचारलं, "काका, हे लावलं तर आपल्या बोअरचं पाणी गोड होईन का?" होईल ना, म्हटलं, एकदम झकास होईल. पण तारीख लागेपर्यंत कोणी हात लावायचा नाही.