फाडुट्सची राजा-संसद-हक्कवाली वॉकिंग टूर: घ्यावी का?

आधीच सांगून टाकते, घ्या. फाडुट्स म्हणजे स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मधल्या चिमुकल्या लिश्टनस्टाइनची राजधानी. झुरिकहून बसने आणतात, तिथे तासभर सोडतात, किल्ल्याचा खालून फोटो, पासपोर्टवर हौसेचा शिक्का आणि चला परत बसमध्ये, तसली टूर घेऊन लिश्टनस्टाइन काडीचंही कळत नाही. ही वेगळी आहे, अर्धा दिवस पायी फिरायचं, ग्रुप छोटा आणि विषय एकच, एवढ्याशा देशात राज्य नक्की कोण करतं आणि साध्या माणसाला हक्क किती. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली एक तक्रारपण आहे. पैसे स्विस फ्रँकमध्ये, तिथे तेच चलन चालतं, आणि खिशाला बऱ्यापैकी कात्री लागते हे धरूनच चला.

देश म्हणजे १६० चौरस किलोमीटर, माणसं ४० हजारांच्या आसपास, एकूण ११ गावं-शहरं मिळून झाला देश. सैन्य १८६८ मध्येच बंद करून टाकलं. सुरुवात संसदेसमोरच्या चौकातून होते. संसद म्हणजे लांडटाग, २००८ ची विटांची इमारत, उंच उतरतं छप्पर, लांबून बघितली तर चर्च वाटावं. आत २५ सदस्य गोल टेबलाभोवती बसतात, १५ ओबरलांडचे (देशाचा दक्षिण भाग) आणि १० उंटरलांडचे (उत्तर भाग), आणि ८ टक्के मतं मिळाली नाहीत तर पक्षाला आत प्रवेशच नाही. शेजारी सरकारची इमारत, मंत्रिमंडळ पंतप्रधान धरून पाच जणांचं, बास. एप्रिल २०२५ पासून ब्रिगिटे हास पंतप्रधान आहेत, या खुर्चीवर बसलेल्या पहिल्याच बाई.

आणि या सगळ्याच्या डोक्यावर, अगदी शब्दशः, डोंगरावर किल्ला. राजघराणं तिथे खरंच राहतं त्यामुळे आत जाता येत नाही. गादी हान्स-आडाम दुसरे यांची, पण २००४ पासून रोजचा कारभार मुलगा आलोइस बघतो. आता हा शोभेचा राजा नाही हं. कायद्यावर सहा महिन्यांत सही केली नाही की कायदा मेला, सरकारला घरी पाठवू शकतो, संसद विसर्जित करू शकतो, न्यायाधीश निवडायच्या समितीचा अध्यक्षपण तोच. आमच्या ग्रुपमधला एक जण एकदम तापला, युरोपात हे चालतं कसं म्हणून. गाइड काकू शांतपणे म्हणाल्या, चालतं कारण आम्हीच मत दिलं.

आणि खरंच आहे ते. २००३ मध्ये राजाने नवी घटनादुरुस्ती मांडली, नाही म्हणालात तर देश सोडून जातो अशी धमकीपण दिलेली, युरोपातल्या घटनातज्ज्ञांनी नाकं मुरडली, आणि लोकांनी ६४ टक्क्यांनी ती पास केली. मग २०११ मध्ये गर्भपाताचे नियम सैल करायचं मतदान होतं, आलोइसने आधीच सांगून टाकलं की जिंकलात तरी मी सही करणार नाही, आणि ते थोडक्यात पडलं. त्यावरून चिडून काही लोकांनी राजाचा व्हेटोच, म्हणजे कायदा अडवायचा अधिकार, छाटायचा प्रस्ताव आणला, २०१२ ला मतदान झालं तर ७६ टक्के लोक म्हणाले राहू दे राजाचा व्हेटो. गंमत अशी की त्याच २००३ च्या दुरुस्तीत १५०० नागरिकांच्या सह्या जमवून राजावर अविश्वास आणायची, इतकंच काय राजेशाहीच रद्द करायची मागणी करायचीसुद्धा सोय आहे, आणि एखाद्या गावाला वाटलं तर देशातून फुटून निघायचा हक्कपण लिहून ठेवलाय. कोणी वापरलेला नाही तो भाग वेगळा.

पण टूरचे पैसे मला जिथे वसूल झाले तो भाग बायकांच्या मताचा. देशपातळीवर बायकांना मताचा हक्क मिळाला १९८४ मध्ये. एकोणीसशे चौऱ्याऐंशी, टायपो नाही. १९७१ आणि १९७३ ला पुरुषांनी दोनदा नाही म्हणून सांगितलं आणि तिसऱ्या खेपेला ५१.३ टक्क्यांवर कसंबसं निभावलं, आणि गावपातळीवर शेवटची काही गावं तर १९८६ ला जागी झाली. गाइड काकू तिथल्याच, साठी ओलांडलेल्या, तेव्हा नोकरी करत होत्या, कर भरत होत्या आणि मतदानाच्या दिवशी घरी बसून होत्या. वडील मत देऊन आले, काय दिलंत विचारलं तर मतदान गुप्त असतं म्हणाले आणि जेवायला बसले. शेवटपर्यंत सांगितलं नाही म्हणे! काकू हे हसत सांगतात पण आम्ही कोणी हसलो नाही.

मला ही टूर आवडायचं कारण हेच, काकू परीकथा विकत नाहीत आणि राजाला खलनायकपण करत नाहीत. मतपेटीने काय दिलं आणि काय अडवून ठेवलं दोन्ही समोर ठेवतात. आणि हक्क वाचवायचे तर मतपेटीच्या बाहेर काय आहे तेही सांगतात. देश १९७८ ला युरोप परिषदेत गेला, पुढे मानवी हक्कांचा युरोपीय करार मान्य केला, आणि तिथेच राजाला दणका बसला. हेर्बर्ट विले म्हणून प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष होते, त्यांनी १९९५ मध्ये एका भाषणात घटनेचा अर्थ लावायचा अधिकार घटना न्यायालयाला आहे असं मत मांडलं, राजाने पत्र लिहून कळवलं की तुम्हाला परत कुठल्या पदावर नेमणार नाही, आणि विले स्ट्रासबूर्गच्या कोर्टात, म्हणजे युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले. १९९९ ला निकाल त्यांच्या बाजूने, अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग झाला म्हणून. हे संसदेच्या दारात उभं राहून ऐकायला भारी वाटतं. २०१६ पासून मानवी हक्कांसाठी एक स्वतंत्र संस्थाही आहे आणि १ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर, संसदेत २५ पैकी २४ मतांनी.

आता जिथे कमी पडते ते. परदेशी लोकांचा विषय पाच मिनिटांत उरकला, आणि तो तर मोठा विषय आहे, देशातला जवळजवळ प्रत्येक तिसरा माणूस परदेशी नागरिक आहे, शिवाय निम्म्याहून जास्त कामगार रोज सीमेपलीकडून येऊन-जाऊन काम करतात. नागरिकत्व हवं तर ३० वर्षं राहा, नाहीतर १० वर्षांनी अर्ज करा आणि गावकरी तुमच्यावर मतदान करणार, म्हणजे शेजाऱ्याशी पार्किंगवरून वाजलं असेल तर बघा बाबा. वर जुना पासपोर्ट सोडायचा, २०२० ला ती अट काढायला लोकांनी नकार दिला. यावर मी दोन-तीन प्रश्न विचारले तर काकू घड्याळ बघायला लागल्या. तुरुंगाचंही तसंच, मोठी शिक्षा झालेले कैदी ऑस्ट्रियात पाठवतात एवढंच एक वाक्य.

आणि तक्रार. बुकिंगच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं की संसदेच्या आत नेऊ, प्रत्यक्षात बाहेरूनच, आज जमणार नाही म्हणे. काकूंची चूक नाही, त्यांनाही सकाळीच कळलं होतं, पण कंपनीने एक मेल टाकायला काय हरकत होती. शिवाय माझा हेडसेट मध्येच खरखरायला लागला आणि बदलून द्यायला दुसरा नव्हताच.

जायचं असेल तर स्वित्झर्लंडमधल्या सारगान्स स्टेशनवरून सरळ बस मिळते, ऱ्हाइन ओलांडली की आलात, पासपोर्ट कोणी बघत नाही. बूट चांगले घाला, बसायला फार जागा नाहीत. लहान मुलं कंटाळतील. काकूंना पाच पैकी पाच, कंपनीला तीन. थोडे पैसे परत द्या म्हणून मेल केलाय, उत्तर आलं की इथेच अपडेट करते.