यूटीएफएटप्रॉक वापरून बघितलं: सी मधे मराठी स्ट्रिंग चालवायला कितपत कामाचं?

सरळ सांगतो, सी भाषेत मराठी मजकूर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अक्षर-अक्षर करत चालवायचाय आणि आयसीयू या भल्यामोठ्या युनिकोड लायब्ररीचं धूड प्रोजेक्टमधे नकोय, तर यूटीएफएटप्रॉक ही छोटी लायब्ररी घ्या (युनिकोड म्हणजे सगळ्या लिपींच्या चिन्हांना आकडे देणारं मानक). फुकट आहे, एमआयटी लायसन्स आहे, एक हेडर आणि दोन सी फाइली, बास. बर्लिनच्या पब्लिक सॉफ्टवेअर ग्रुपने सुरू केलेली लायब्ररी, आता ज्युलिया भाषेवाली मंडळी सांभाळतात आणि युनिकोडचं नवीन व्हर्जन आलं की टेबलं अपडेट करतात. माझ्याकडून ५ पैकी ४. एक स्टार का कापला ते खाली येतंच, आणि ज्यांना फाइल तुकड्या-तुकड्याने वाचायचीय त्यांनी ते आधी वाचा.

माझं काम काय ते सांगतो म्हणजे रिव्ह्यू कुठल्या अंगाने लिहिलाय ते कळेल. दूध संकलन केंद्रावर जे छोटं मशीन असतं ना, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), लिटर, रेट छापून पावती देणारं, त्यावर शेतकऱ्याचं नाव मराठीत छापायचं. नावाला पावतीवर जागा ठरलेली, नाव लांब निघालं की कापायचं. इंग्रजीत हे काम ठरलेल्या साइझमधे मजकूर लिहिणाऱ्या एसएनप्रिंटएफ फंक्शनला साइझ दिली की संपतं, मराठीत तिथूनच सुरू होतं.

‘ज्ञानेश्वर’ घ्या. डोळ्याला चार अक्षरं, ज्ञा-ने-श्व-र. युनिकोडमधे हे दहा कोडपॉइंट, म्हणजे एकेका चिन्हाचे आकडे (ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र) आणि देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट यूटीएफ-८ मधे (कोडपॉइंट बाइटमधे लिहायची पद्धत) तीन बाइट खातो म्हणून एकूण तीस बाइट. आता एसएनप्रिंटएफ ला २० साइझ दिली तर स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य धरून १९ बाइट मजकूर बसतो, म्हणजे ‘ज्ञाने’ आणि पुढे श चा पहिला एक बाइट लोंबकळत, प्रिंटरवर त्याचा चौकोन नाहीतर काहीतरी किडा. साइझ १८ दिली तर त्याहून वाईट, कारण १७ बाइटमधे ‘ज्ञान’ एवढंच पूर्ण बसतं, मात्रा अर्धवट तुटते, आणि पावतीवर माणसाचं नावच बदलतं. बरं बाइटऐवजी कोडपॉइंट मोजून कापलं तरी सुटका नाही, आठव्यावर कापलं की ‘ज्ञानेश्’ असा पाय मोडका श उरतो. आणि ही पावती बघून लोक महिन्याचा हिशोब लावतात, तेव्हा ‘चालतंय की’ म्हणून सोडता येत नाही.

सी ची स्वतःची सोय आहे, बाइटमधून एकेक अक्षर काढणारं एमबीआरटोडब्ल्यूसी, सी मानकाच्या १९९५ च्या अमेंडमेंटपासून. वाईट नाही ती, पण ती लोकेलवर, म्हणजे भाषा आणि एन्कोडिंगच्या सेटिंगवर अवलंबून. प्रोग्रॅमच्या सुरुवातीला सेटलोकेल बोलवलं नाही तर प्रोग्रॅम ‘सी’ लोकेलमधे चालतो आणि तुमचं मराठी नाव तिथे मल्टीबाइट समजलंच जाईल याची खात्री नाही, आणि बोलवलं तरी त्या मशीनवर यूटीएफ-८ लोकेल बसवलेलं असायला पाहिजे, जे छोट्या बोर्डवर बऱ्याचदा नसतं. वरून त्यातून मिळणारा डब्ल्यूचार हा अक्षराचा प्रकार लिनक्सवर चार बाइट आणि विंडोजवर दोन, म्हणजे विंडोजवर मराठी तेवढं नीट बसतं आणि कुणी नावापुढे इमोजी टाकला की गडबड. यूटीएफएटप्रॉकला लोकेलशी काही देणंघेणं नाही. बाइट द्या, कोडपॉइंट घ्या. मला तर हेच निम्मं कारण पुरलं.

मुख्य फंक्शन इटरेट. त्याला पॉइंटर, उरलेली लांबी आणि कोडपॉइंट ठेवायला एक जागा द्यायची, ते किती बाइट वाचले तो आकडा परत देतं, तेवढा पॉइंटर पुढे सरकवायचा की पुढचा फेरा. क साठी हेक्समधे ई० ए४ ९५ असे तीन बाइट येतात, आकडा ३ मिळतो आणि कोडपॉइंट ०९१५. तपासणी चोख आहे. विनाकारण लांबवलेले बाइट, सरोगेट (यूटीएफ-१६ साठी राखून ठेवलेले आकडे), युनिकोडच्या मर्यादेच्या म्हणजे १०एफएफएफएफ च्या वरचे आकडे, सगळं नाकारतं आणि वजा ३ परत देतं. हे महत्त्वाचं कारण हाताने लिहिलेले डिकोडर पहिला बाइट बघून सरळ तीन पुढे उडी मारतात, मागचे दोन बाइट खरे आहेत का बघतच नाहीत, आणि स्ट्रिंग मधेच संपली असेल तर बफरच्या बाहेर जाऊन वाचतात. जीलिब या सी लायब्ररीचं नेक्स्ट-चार मॅक्रो पण असंच आहे, आधी व्हॅलिडेट करून घेतलं असेल तरच वापरायचं.

दोन बारीक गोष्टी मात्र लक्षात ठेवा. लांबी शून्य दिली तर उत्तरही शून्य येतं, त्यामुळे लूपची अट नीट नसेल तर तो तिथेच फिरत बसतो. आणि लांबीच्या जागी वजा १ दिलं तर स्ट्रिंग शून्याने संपते असं ते धरून चालतं, पण शून्य आल्यावर थांबायचं काम तुमचं, ते बिचारं शून्यालाही एक बाइटचं अक्षर म्हणून देऊन मोकळं होतं. पॉइंटर अनसाइन्ड (वजा आकडे नसलेला) मागतं म्हणून कंपायलर कुरकुर करेल, कास्ट करा, आणि खरंतर त्या कुरकुरीचे आभार माना कारण एक्स८६ वर साधा ‘चार’ (सी चा कॅरेक्टर प्रकार) साइन्ड असतो, तिथे ई० म्हणजे वजा ३२, आणि तुम्ही त्याची २२४ शी तुलना करत बसलात तर ती अट आयुष्यात खरी होत नाही. तोच कोड एआरएम वर बहुतेक ठिकाणी चालतो, कारण तिथे ‘चार’ अनसाइन्ड, मग ‘बोर्डवर चालतंय, माझ्या लॅपटॉपवर नाही’ हा तमाशा.

आता कापलेला स्टार. इटरेट ला बाइट अपुरे पडले तरी वजा ३, आणि बाइट चुकीचे असले तरीही वजा ३. म्हणजे ‘हे खराब आहे’ आणि ‘थांब, अजून येतंय’ यात फरकच करत नाही. एमबीआरटोडब्ल्यूसी इथे सरस, अपुरं असेल तर वेगळं उत्तर देतं आणि अर्धं अक्षर आपल्या स्टेटमधे धरून ठेवतं. आपल्याला हे जास्तच टोचतं, का ते बघा: ४०९६ चा बफर सगळ्यांचा आवडता, आणि ४०९६ ला तीनने भागलं की बाकी १ उरते. मधे स्पेस नसलेला सलग देवनागरी मजकूर असेल तर पहिल्याच बफरच्या शेवटी अक्षर तुटणार म्हणजे तुटणारच. स्पेस आणि आकडे मधे असतील तर कधी तुटतं कधी नाही, ते आणखी वाईट, कारण टेस्टिंगला सापडत नाही. उपाय अवघड नाही पण तो तुम्हाला लिहावा लागतो: बफरच्या शेवटून मागे जा, जास्तीत जास्त तीन बाइट, पुढचे बाइट नेहमी ८० ते बीएफ मधे असतात म्हणून अक्षराची सुरुवात ओळखू येते, ते अक्षर अपुरं असेल तर तेवढी शेपटी पुढच्या वाचनाच्या सुरुवातीला नेऊन ठेवा. ही ओळखू येण्याची सोय केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मधेच करून ठेवलीय, लायब्ररीने तिच्यावर एक छोटं फंक्शन बांधायला काय हरकत होती कळत नाही. मागे जायचं फंक्शनही नाही. आयसीयू मधे त्याला तयार मॅक्रो आहे.

पण खरी किंमत वसूल होते ती ग्राफीम ब्रेकमधे, म्हणजे डोळ्याला एक दिसणारं अक्षर कुठे संपतं ते सांगणारं फंक्शन. स्टेटफुल नावाचंच वापरा, जुनं बिनस्टेटचं केवळ जुन्या कोडसाठी ठेवलंय. स्टेटचा इंट सुरुवातीला शून्य करायचा, दोन शेजारचे कोडपॉइंट द्यायचे, मधे तोडता येतं का ते हो-नाही मधे कळतं. मी फक्त ‘हो’ आलेली शेवटची जागा लक्षात ठेवतो आणि जागा संपली की तिथे कापतो. ज्ञानेश्वर आता ‘ज्ञाने’ वर तुटतो नाहीतर ‘ज्ञानेश्व’ वर, मधे कुठेच नाही.

इथे व्हर्जन बघणं अत्यंत गरजेचं. जोडाक्षर एकत्र धरायचा नियम युनिकोड १५.१ मधे आला, सप्टेंबर २०२३. त्याआधी नियमानुसारच हलन्तानंतर तोडायला परवानगी होती, म्हणजे ज्ञानेश्वर सहा तुकड्यांत: ज्, ञा, ने, श्, व, र. ‘स्त्री’ चे तीन. यूटीएफएटप्रॉक २.९ पासून पुढे हे बरोबर येतं. डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती तर जून २०२३ ची, नियमच नंतर आला, तेव्हा त्याच्या नेहमीच्या पॅकेजमधे हे सापडणार नाही. सरळ सोर्स उचला आणि प्रोजेक्टमधेच टाका, बिल्ड होऊन काहीशे केबीचं काम. आयसीयू चा डेटा पंचवीस-तीस एमबी च्या घरात जातो, आमच्या बोर्डची सगळी फ्लॅश त्यात जाईल.

नॉर्मलायझेशनही, म्हणजे एकच अक्षर वेगवेगळं लिहिलेलं एका रूपात आणणं, मिळतं आणि मराठीला ते लागतं. ‘ऱ’ एका कोडपॉइंटचा असतो, किंवा र खाली नुक्ता असा दोनाचा, एनएफसी (जोडलेलं प्रमाण रूप) केलं की दोन्ही एक होतात. तयार फंक्शन मॅलॉक करतं, म्हणजे चालताना मेमरी मागतं, मॅलॉक नको असेल तर डीकंपोज आणि रीएन्कोड ही जोडी स्वतःच्या बफरवर चालवा, फक्त शेवटच्या शून्यासाठी एक बाइट जास्तीची ठेवा. पण ‘सुऱ्या’ मधला र कुणी र-हलन्त-झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा टाइप केला असेल तर तो वेगळाच राहतो. ‘ॲ’ चंही तेच, एक अक्षर म्हणून किंवा अ वर चंद्र देऊन, दिसायला सारखं, युनिकोडच्या लेखी दोन वेगळ्या स्ट्रिंग. यात लायब्ररीचा दोष नाही, ती नियम पाळते. नावं शोधायची असतील तर या दोन जोड्यांचं छोटं टेबल आपणच लिहायचं आणि एनएफसी नंतर चालवायचं.

जे ती करत नाही तेही ऐका: सॉर्टिंग नाही, शब्द तोडणं नाही, आणि अक्षर कागदावर जोडून काढणं तर नाहीच, त्याला हार्फबझ ही वेगळी लायब्ररी लागेल. आणि सभासदांची यादी जुन्या, युनिकोड नसलेल्या कृतिदेव फॉन्टमधली एक्सेलमधून आली असेल तर इटरेट ती बहुतेक विनातक्रार पास करेल, कारण बाइटच्या दृष्टीने ती बहुतांश साधी इंग्रजी अक्षरं असतात. ती आधी कन्व्हर्ट करून घ्या, मग मशीनमधे टाका.