आउटबोर्ड इंजिनासाठी वॉटर पंपाचे पूर्ण किट: माल चोख, दावा अवाजवी

होडीच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या आणि बाहेरचे पाणी पंपाने खेचून थंड राहणाऱ्या साठ अश्वशक्तीच्या चार-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनासाठी मूळ उत्पादकाऐवजी दुसऱ्या कंपनीने बनवलेले वॉटर पंपाचे पूर्ण किट मी बसवले आणि एक संपूर्ण हंगाम वापरले. पूर्ण वेगात असताना इंजिन तापल्याचा इशारा देणारा भोंगा वाजणे आणि फेरे आपोआप खाली येणे ही तक्रार होती. किटच्या पाकिटावर ‘इंजिन तापण्यावर संपूर्ण उपाय’ असे ठळक अक्षरांत छापले आहे. किटातील सुटे भाग माझ्या अपेक्षेपेक्षा चांगले निघाले. मात्र हा दावा वाचून कोणी थेट पाना हातात घेतला तर बऱ्याचदा त्याचा पंप बदलून होईल आणि इंजिन तरीही तापतच राहील.

किटात रबरी पात्यांचा इम्पेलर (पंपात फिरून पाणी ढकलणारे चाक), पंपाचे प्लास्टिकचे घर, त्याच्या आत बसणारी स्टेनलेस स्टीलची वाटी, खालची स्टीलची पट्टी, गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारा पातळ थर), ओ-रिंग, इम्पेलरला शाफ्टवर, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या दांड्यावर, अडकवणारी अर्धगोल चावी आणि पाण्याच्या नळीच्या तोंडाचे रबरी सील एवढे भाग येतात. बरेच जण पैसे वाचवण्यासाठी फक्त इम्पेलर बदलतात, आणि पूर्ण किटचे खरे मोल नेमके इथेच कळते. शाफ्ट घराच्या मधोमध नसून एका बाजूला सरकलेला असल्यामुळे पाती एका बाजूस दाबली जातात, दुसऱ्या बाजूस उघडतात आणि त्या फरकातून पाणी वर ढकलले जाते. वेग वाढला की पाती पाण्याच्या रेट्याने मागे वळतात, भिंतीशी त्यांचा संबंध कमी होतो आणि पंप बहुतांशी केंद्रोत्सारी पद्धतीने, म्हणजे फिरण्याच्या वेगाने पाणी बाहेर फेकत, चालू लागतो. त्यामुळे मंद वेगात सगळा भार पात्यांची टोके आणि स्टीलचा पृष्ठभाग यांच्यातील घट्टपणावर असतो. वाळूमिश्रित पाण्याने वाटीवर आणि पट्टीवर चरे पडले असतील तर नवा इम्पेलरही त्या चऱ्यांतून दाब गमावतो. माझ्या जुन्या पट्टीवर नखाला सहज लागतील अशा गोल रेषा उमटलेल्या होत्या. तिच्यावर नवा इम्पेलर बसवणे म्हणजे गळक्या घागरीला नवे झाकण देणे झाले असते.

या किटातील वाटीची कडा गुळगुळीत आहे, पट्टी सपाट आहे, इम्पेलरच्या मधला धातूचा भाग रबराशी घट्ट जोडलेला आहे आणि चावी तिच्या खाचेत न हलता बसते. स्वस्त मालात हा धातूचा भाग रबरातून सुटून नुसताच फिरतो आणि पाती धडधाकट दिसत असूनही पाणी वर चढत नाही. म्हणून बसवण्यापूर्वी तो हाताने पिळून पाहावा.

पाकिटासोबतच्या कागदाने मात्र निराशा केली. पंप उघडण्याआधी काय तपासावे याबद्दल त्यात एक ओळही नाही. भोंगा वाजताच प्रथम वेग कमी करून इंजिन न्यूट्रलमध्ये आणावे आणि मागे पडणारी पाण्याची धार पाहावी. धार नसेल तर इंजिन लगेच बंद करावे, कारण पाण्यावाचून चालणाऱ्या पंपाची पाती पाहता पाहता जळतात. मग इंजिन वर उचलून गिअरकेसवरच्या, म्हणजे पाण्याखालच्या भागावरच्या, पाणी आत घेणाऱ्या जाळ्या पाहाव्यात. तिथे चिकटलेली प्लास्टिकची पिशवी किंवा शेवाळ हे तापण्याचे सर्वांत साधे कारण असते. जाळ्या मोकळ्या असतील तर धारेच्या छिद्रात पातळ तार घालून ते साफ करावे, कारण मिठाने किंवा कीटकांनी घातलेल्या मातीने छिद्र बुजले असले की आत पाणी व्यवस्थित फिरत असतानाही धार बंद पडते. याच्या उलटही घडते. अनेक इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला उघडून पाणी पुढे सोडणाऱ्या झडपेच्या) आधीच्या मार्गातून घेतलेली असते, म्हणून धार जोरात पडत असूनही सिलिंडर-हेड भाजून निघत असू शकते. धार म्हणजे पंप पाणी देतो आहे याची खूण. ते पाणी सगळीकडे पोहोचते आहे याची हमी ती देत नाही.

इंजिन केव्हा तापते यावरून पुष्कळ उलगडा होतो. मंद वेगात तापून जोरात चालवताच थंड होत असेल तर बंद स्थितीत अडकलेला थर्मोस्टॅट, कचऱ्यामुळे उघडा राहिलेला दाब-व्हॉल्व्ह (पाण्याचा दाब वाढल्यावर उघडणारी झडप) किंवा झिजलेला पंप यांच्यावर संशय घ्यावा. फक्त पूर्ण वेगात तापत असेल तर कमी पडणारा पाणीपुरवठा, न उघडणारा दाब-व्हॉल्व्ह किंवा मिठाने अरुंद झालेले आतील मार्ग हे संशयित ठरतात. थर्मोस्टॅट तपासणे सोपे आहे: तो काढून पाण्याच्या भांड्यात दोरीने लटकवावा, शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी हळूहळू तापवावे आणि तो कोणत्या अंशाला उघडतो ते पाहावे. बहुतेक आउटबोर्ड इंजिनांत तो साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपास उघडू लागतो. नेमका आकडा त्यावर कोरलेला किंवा इंजिनाच्या पुस्तिकेत दिलेला असतो. मोटारगाडीच्या तुलनेत हा आकडा इतका कमी ठेवण्यामागे खाऱ्या पाण्याचा विचार आहे, कारण तापमान वाढले की आतील मार्गांत क्षार अधिक साचतात. माझ्या इंजिनाचा थर्मोस्टॅट वेळेवर उघडला, व्हॉल्व्ह स्वच्छ निघाला आणि त्यानंतरच मी पंपाकडे वळलो.

बसवण्याचे काम बोल्ट सोडवायचे दोन पाने आणि थोडा संयम असलेल्या माणसाला जमण्यासारखे आहे. लोअर युनिट, म्हणजे गिअरकेससह खालचा भाग, उतरवताना प्रोपेलरच्या वरच्या छोट्या सुकाणू-पट्टीखाली एक बोल्ट लपलेला असतो. तो न काढता ओढाताण करणाऱ्यांनी अनेक गिअरकेस तडकवले आहेत. गिअरचा दांडा सोडवण्यापूर्वी गिअर कोणत्या स्थितीत ठेवायचा हे प्रत्येक इंजिनानुसार बदलते, त्यामुळे तिथे पुस्तिकाच प्रमाण मानावी. इम्पेलरला साबणाचे पाणी किंवा ग्लिसरीन लावून घर खाली दाबताना शाफ्ट इंजिनाच्या फिरण्याच्या दिशेने, म्हणजे बहुतेक इंजिनांत वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरवत राहावा. त्यामुळे सगळी पाती योग्य बाजूला वळतात. शाफ्टच्या दात्यांना ग्रीस लावावे, पण त्याच्या वरच्या सपाट टोकाला लावू नये, कारण तिथे कोंडलेले ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही. पाण्याची नळी तिच्या सीलमध्ये नीट शिरली आहे की नाही हे टॉर्चने पाहिल्याशिवाय बोल्ट आवळू नयेत. किटच्या कागदावर यांपैकी फक्त पात्यांच्या दिशेचा उल्लेख आहे, तोही बाणाच्या धूसर चित्राने.

कागदात नसलेली सर्वांत गंभीर गोष्ट तुटलेल्या पात्यांची आहे. जुन्या इम्पेलरची काही पाती टोकाशी तुटलेली असतील तर ते तुकडे कुठेतरी गेलेले असतात, आणि ते जाण्याची वाट एकच असते, वर. इम्पेलर टेबलावर ठेवून तुकडे जुळवावेत. जे सापडत नाहीत ते नळीत, थर्मोस्टॅटच्या घरात किंवा दाब-व्हॉल्व्हपाशी शोधावेत, आणि नळीतून उलट्या दिशेने पाणी सोडून मार्ग धुवावा. माझ्याकडे एक तुकडा नळीच्या वरच्या वळणात अडकलेला होता. तो तसाच राहिला असता तर नव्या किटला विनाकारण दोष लागला असता.

नळाचे पाणी देण्यासाठी जाळीवर बसवायचे रबरी कप लावून, प्रोपेलर काढून आणि मंद वेग ठेवून घेतलेल्या पहिल्या चाचणीत धार लगेच आली. नंतर पाण्यात पूर्ण वेगाने चालवतानाही इन्फ्रारेड थर्मामीटरने सिलिंडर-हेडच्या निरनिराळ्या भागांचे तापमान थर्मोस्टॅटच्या आकड्याभोवतीच राहिले आणि कोणताही एक भाग इतरांपेक्षा फार गरम आढळला नाही. चकचकीत धातूवर हे उपकरण कमी आकडा दाखवते, म्हणून मोजायच्या जागी काळी चिकटपट्टी लावावी. हंगामानंतर पंप उघडला तेव्हा पाती सरळ होती आणि वाटीवर चरे नव्हते. घराच्या प्लास्टिकवर मात्र स्टीलच्या कडेपाशी किंचित वितळल्यासारखी खूण होती, जी मूळ उत्पादकाच्या घरावर मी याआधी पाहिलेली नाही.

इंजिन एकदा जोरात तापले असेल तर पंपाच्या पलीकडेही पाहणे आवश्यक आहे. सगळ्या सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत तयार होणारा दाब, मोजावे आणि त्यांच्यातील फरक दहा टक्क्यांहून अधिक असेल तर हेड गॅस्केट किंवा पिस्टनच्या रिंगा तपासाव्यात. तेल दुधाळ दिसल्यास पाणी आत शिरले आहे असे समजून इंजिन चालवणे थांबवावे. यांतले काहीही हे किट दुरुस्त करत नाही, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण ‘संपूर्ण उपाय’ छापणाऱ्याने निदान एवढा इशारा द्यायला हवा होता.

खाऱ्या पाण्यात दरवर्षी पंप उघडणाऱ्यांना हे किट मी सुचवेन. एक वर्ष पूर्ण किट आणि पुढच्या वर्षी पट्टी व वाटी ठीक असल्यास केवळ इम्पेलर व गॅस्केट, असा क्रम परवडतो. थर्मोस्टॅट आणि त्याच्या झाकणाचे गॅस्केट या पाकिटात येत नाहीत, आणि ते झाकण एकदा उघडले की जुने गॅस्केट सहसा फाटतेच. म्हणून मागणी नोंदवताना ते दोन्ही सोबत मागवावेत.