पीआर एजन्सीशिवाय औद्योगिक मासिकांत छापून येणं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पद्धत साधी आहे. एजन्सी नाही, जाहिरातीचं पॅकेज नाही. शॉपमधल्याच माणसानं आकड्यांसकट मजकूर लिहायचा, फोटो काढायचे आणि थेट संपादकाला पाठवायचे. भोसरी, चाकण, शिरोली किंवा सातपूरच्या पट्ट्यातल्या पंचवीस-तीस माणसांच्या सीएनसी (संगणकनियंत्रित मशीनच्या) युनिटला हे जमतं का? जमतं. फक्त बहुतेक जण नव्या ग्राहकांच्या चौकशा वाढाव्यात म्हणून हे सुरू करतात आणि चौकशांच्या बाबतीतच ही पद्धत सगळ्यात कमी देते. त्याबद्दल शेवटी.

आधी मासिकं. मराठीत मशीन शॉपसाठी उद्यम प्रकाशनाचं ‘धातुकाम’ आहे, त्याच प्रकाशनाचा मजकूर हिंदी, गुजराती आणि कन्नडमध्येही निघतो. इंग्रजीत ‘इंडस्ट्रियल प्रॉडक्ट्स फाइंडर’, ‘मॉडर्न मॅन्युफॅक्चरिंग इंडिया’ वगैरे. पुण्यात मराठा चेंबरचं ‘संपदा’ आहे, पण तिथे मशीनिंगपेक्षा उद्योगजगताचा आवाका मोठा. यादी याहून लांबवण्यात अर्थ नाही. तीन-चार मासिकांचे मागचे सहा अंक समोर ठेवून वाचले, तर कोणत्या पानावर कोणता मजकूर बसतो ते समजतं. नवीन उत्पादनाची चौकट शंभर-दीडशे शब्दांची असते, सोबत एक फोटो. ‘समस्या आणि उपाय’ धाटणीचा अनुभवलेख आठशे ते बाराशे शब्दांचा. मुखपृष्ठकथा बहुतेक वेळा जाहिरातदाराच्या वाट्याला जाते, त्यामुळे तिच्यामागे धावू नये. लहान युनिटचं खरं पान अनुभवलेखाचं.

या लेखात संपादक कंपनीबद्दल वाचत नाही, तो जॉबबद्दल, म्हणजे मशीनवर घडणाऱ्या भागाबद्दल, वाचतो. ‘अत्याधुनिक तंत्रज्ञान, ग्राहकांचा विश्वास, गुणवत्तेची परंपरा’ हे पहिल्या कात्रीत जातं. ‘भारतातील पहिलं’ तर लिहूच नये; पुढच्याच महिन्यात कोणीतरी आपलं जुनं मॉडेल काढून दाखवतो. जे टिकतं ते असं: कास्टिंग कोणत्या धातूचं, कडकपणा किती, आधी किती सेटिंग (जॉब मशीनवर नव्यानं बांधणं) होती आणि आता किती, क्लॅम्पिंग कुठे, कोणत्या बोअरचा (भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापातली मान्य तफावत, धरायचा होता, टूल किती जॉब चालतं. दुसऱ्या शॉपचा माणूस वाचून आपल्याकडे करून बघू शकेल इतका तपशील हवा. तेवढा द्यायला मालक कचरतात, ‘सगळंच सांगितलं तर उरलं काय?’ म्हणतात. तपशील काढून पाठवलेला लेख जाहिरातीसारखा दिसतो आणि मग फोन संपादकाचा येत नाही, जाहिरात विभागाचा येतो.

आकड्यांत सगळ्यात जास्त घोळ होतो तो टक्केवारीत. सायकल टाइम (एका जॉबला लागणारा वेळ) १२ मिनिटांवरून ९ वर आला, तर वेळ २५ टक्के वाचला. उत्पादन मात्र ३३ टक्के वाढलं, कारण तासाला ५ जॉब निघत होते ते आता साधारण ६.७ निघतात. लेखात हमखास ‘३३ टक्के वेळेची बचत’ असं येतं. दुसरा घोळ सायकल टाइमच्या व्याख्येचा. आधीचा आकडा लोडिंग-अनलोडिंग धरून आणि नंतरचा नुसता कटिंगचा, अशी तुलना केली की सुधारणा भव्य दिसते आणि मशीनवर उभ्या असलेल्या वाचकाला ती पहिल्या वाचनात कळते. दोन्ही आकडे जॉब उचलल्यापासून खाली ठेवेपर्यंतचे द्यावेत, कटिंगची वेळ वेगळी लिहावी.

तिसरी चूक सूत्राची. लेखात ६३ मिलिमीटर व्यासाचा फेस मिल (सपाट पृष्ठभाग कापणारं टूल), कटिंग स्पीड मिनिटाला २०० मीटर आणि स्पिंडल २००० आरपीएम असं लिहिलेलं असतं. हिशोब करा: २०० ला १००० ने गुणून ३.१४ गुणिले ६३ ने भागलं की साधारण १०१० आरपीएम येतात. २००० असतील तर स्पीड ३९६ च्या घरात जातो आणि स्टीलच्या जॉबवर ते वाचून कोणाचाही विश्वास उडेल. सहा इन्सर्ट (टूलवरची बदलता येणारी पाती) आणि दर दातामागे ०.१५ फीड असेल, तर टेबल फीड मिनिटाला ९०९ मिलिमीटर यायला हवा. मजकूर पाठवण्याआधी प्रोग्रॅमची प्रिंट शेजारी ठेवून प्रत्येक आकडा असा उलटा तपासावा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि छापून आल्यावर दुरुस्ती पुढच्या अंकाच्या कोपऱ्यात येते, ती कोणी वाचत नाही.

मराठी मजकुराचं वेगळं दुखणं आहे. जुन्या श्रीलिपी फॉन्टच्या फाइलमधून युनिकोडमध्ये मजकूर गेला की जोडाक्षरं फुटतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण खरा फटका चिन्हांना बसतो. व्यासाचं चिन्ह, अधिक-उणे, अंशाचा छोटा गोल, मायक्रॉनचं ग्रीक अक्षर, यांच्या जागी भलतंच अक्षर उमटतं. ‘३२ एच ७’ च्या, म्हणजे ३२ मिलिमीटर व्यासाच्या, बोअरला शून्य ते अधिक २५ मायक्रॉन टॉलरन्स असतो. त्यातलं चिन्ह उडालं की वाचणाऱ्यानं काय समजायचं? म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टाइप करावा, सोबत पीडीएफ जोडावी आणि आकड्यांचा तक्ता मजकुरात न मिसळता वेगळ्या पानावर द्यावा. शब्दांचीही ओढाताण होते. मासिकाच्या भाषेत ‘कार्यवस्तू’ आणि ‘यंत्रण’, शॉपमध्ये ‘जॉब’ आणि ‘मशीनिंग’. आपण शॉपच्या शब्दांत लिहावं, संपादकाला बदलायचं असेल तर तो बदलतो. आपणच आधी शब्दकोश उघडून बसलो की वाक्यं पुठ्ठ्यासारखी होतात.

फोटोंसाठी फोटोग्राफर लागत नाही. छपाईला ३०० डीपीआय (इंचामागे ठिपके) हवेत, म्हणजे पानावर १० सेंटिमीटर रुंद छापायच्या फोटोला साधारण १२०० पिक्सेल पुरतात. ए-४ च्या पूर्ण पानाला २४८० गुणिले ३५०८ लागतात. बारा मेगापिक्सेलच्या फोनचा ४००० गुणिले ३००० चा फोटो उभा धरला तर यात बसतो. बिघडतं ते पाठवताना. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो आकसतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. वर्डच्या फाइलमध्ये चिकटवलेले फोटो छपाईला निरुपयोगी. रंगही आपण बदलू नयेत, फोनमधून निघालेली फाइल जशीच्या तशी द्यावी, छपाईचे रंग त्यांचा डीटीपीवाला करतो.

प्रकाशाकडे मात्र लक्ष हवं. ग्राइंडिंग केलेल्या पृष्ठभागावर वरची ट्यूबलाइट पांढरी रेघ होऊन उमटते आणि नेमका दाखवायचा बोअर त्या चमकेत बुडतो. दिवा आणि जॉब यांच्या मध्ये बटर पेपर धरला की काम होतं. जॉब थिनरनं पुसून कोरडा करावा, कारण तेलाचा पातळ थर फोटोत निळसर डागासारखा दिसतो. मागे पांढरा किंवा राखाडी फ्लेक्स भिंतीवरून टेबलावर वळवून सोडावा. एकाच कोनातून दोन फोटो घ्यावेत, एक रिकाम्या फिक्श्चरचा (जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाचा) आणि एक जॉब क्लॅम्प केलेला. लोकेटिंग पिन कुठे आहे आणि क्लॅम्प कुठे बसतो हे या जोडीतून जेवढं कळतं तेवढं दोन परिच्छेदांतून कळत नाही.

मशीनवरच्या फोटोत मागचं आधी बघावं. दार उघडं आणि स्पिंडल फिरतोय, ऑपरेटरला गॉगल नाही, फिरत्या टूलजवळ हातमोजे, मागून जाणाऱ्याच्या पायात चप्पल: यातलं काहीही दिसलं तर ग्राहकाचा सेफ्टीवाला आधी फोन करतो, कौतुक राहतं बाजूला. आणि मागचा प्रॉडक्शन बोर्ड! ग्राहकाचं नाव, रोजचं टार्गेट, कालचं रिजेक्शन, सगळं त्यावर खडूनं लिहिलेलं असतं आणि बारा मेगापिक्सेलमध्ये ते स्वच्छ वाचता येतं.

आता जिथे महिने जातात तो भाग: ग्राहकाची परवानगी. जॉब ग्राहकाचा, ड्रॉइंग ग्राहकाचं, बहुतेक वेळा गोपनीयतेचा करारही झालेला. खरेदी विभागातला ओळखीचा माणूस ‘हो हो, छापा की, आम्हालाही एक अंक पाठवा’ म्हणतो. त्याच्या शब्दाला किंमत नाही. अधिकार कॉर्पोरेट कम्युनिकेशन किंवा लीगलकडे असतो, आणि त्यांना आपलं युनिट अस्तित्वात आहे हेही माहीत नसतं. म्हणून लेख लिहायच्या आधी परवानगीची मेल जावी: एका पानाचा सारांश, वापरायचे फोटो, मासिकाचं नाव आणि ‘ग्राहकाचं नाव येणार नाही, वाहन क्षेत्रातील टिअर-१ पुरवठादार एवढाच उल्लेख असेल’ असं स्पष्ट वाक्य (टिअर-१ म्हणजे वाहन कंपनीला थेट माल देणारा). हे वाक्य असलं की होकार लवकर येतो. होकार लेखी हवा, मेलवर.

फोटोतला पार्ट नंबर, कास्टिंगवरचा लोगो आणि कॅव्हिटी (साच्यातल्या कप्प्याचा) नंबर फोटो काढतानाच टेपनं झाकावेत. नंतर संगणकावर धूसर केलेला फोटो संशयास्पद दिसतो. ड्रॉइंग छापू नये, लागतील तेवढी दोन-चार मापं घेऊन साधी रेखाकृती नव्यानं काढावी. नकार आला तर धातूच्या बारमधून डेमो जॉब काढून त्याच फिक्श्चरचं तत्त्व दाखवता येतं. लेख थोडा फिका पडतो, पण छापून येतो.

टूल कंपनीबरोबर संयुक्त लेख हा सोपा रस्ता वाटतो. त्यांच्या मार्केटिंग विभागाचे संपादकांशी रोजचे संबंध असतात, लेख लगेच लागतो. पण मग इन्सर्ट नायक होतो आणि आपलं फिक्श्चर ‘योग्य पकड यंत्रणेमुळे’ एवढ्या तीन शब्दांत आटोपतं. करायचाच तर लेखकांच्या नावांचा क्रम, फोटो कोणाचे आणि कोणता आकडा कोणाच्या बदलामुळे सुधारला, हे आधी मेलवर ठरवून घ्यावं.

संपादकाला पूर्ण लेख आधी पाठवू नये. दीडशे शब्दांची विचारणा पुरते आणि मेलच्या विषयातच मुद्दा हवा: ‘व्हॉल्व्ह बॉडीचा सायकल टाइम १२ वरून ९ मिनिटं, चौथ्या अक्षावरचं हायड्रॉलिक फिक्श्चर, ९०० शब्द, ४ फोटो’. आठवड्यानं एक फोन. वर्षाची विषयसूची जाहिरातीच्या दरपत्रकाबरोबरच मिळते, ती मागून घ्यावी, आणि अंकाची ‘क्लोजिंग’, म्हणजे मजकूर घेण्याची शेवटची, तारीख विचारून ठेवावी. प्रेस नोट सगळ्यांना पाठवली तरी चालते, लेख मात्र एका वेळी एकालाच. तोच लेख दोन मासिकांत एकाच महिन्यात आला तर दोन्ही दारं बंद.

बंगळुरूच्या इमटेक्स या मशीन टूल प्रदर्शनात स्टॉल असेल तर वेळापत्रक आणखी मागे सरकतं. हे प्रदर्शन जानेवारीत असतं, विषम वर्षी मेटल कटिंग आणि सम वर्षी फॉर्मिंग. जानेवारीच्या अंकात स्टॉल नंबरसकट यायचं तर मजकूर नोव्हेंबरअखेर गेलेला बरा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवणाऱ्यांची रांग मोठी असते.

एक-दोनदा नाव छापून आलं की वेगळेच फोन सुरू होतात. ‘आपली देशातल्या दहा आश्वासक उत्पादकांत निवड झाली आहे, फक्त नाममात्र शुल्क.’ इथे घाई करू नये. अंकाच्या आत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो प्रेस रजिस्ट्रार जनरलच्या नोंदीत सापडतो का ते बघावं. १ मार्च २०२४ पासून १८६७ च्या प्रेस आणि पुस्तक नोंदणी कायद्याऐवजी नवा कायदा लागू झालाय आणि नोंदणीचं काम ऑनलाइन चालतं. खप सांगतात त्याला एबीसीचं (खप तपासणाऱ्या ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्सचं) प्रमाणपत्र आहे का, तेही विचारावं. फोन तिथेच संपतो.

आणि चौकशा. लेख आल्यावर पहिल्या पंधरवड्यात येणारे फोन इन्सर्ट विकणाऱ्यांचे, आयएसओ सल्लागारांचे, ईआरपी सॉफ्टवेअरवाल्यांचे आणि वजनावर चिप्स (मशीनिंगचा धातूचा कीस) विकत घेणाऱ्यांचे. खऱ्या चौकशा तुरळक येतात आणि दोन-तीन महिन्यांनी येतात, कोणीतरी पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलल्यावर. उपयोग झाला तो दुसरीकडे. नव्या ग्राहकाच्या व्हेंडर रजिस्ट्रेशनमध्ये लेखाची पीडीएफ जोडली की पहिल्या भेटीतले अर्धे प्रश्न वाचतात. कामाला येणारी डिप्लोमाची मुलं लेख वाचून आलेली असतात. आणि लेखासाठी का होईना, टूल लाइफ आणि सायकल टाइम लिहून ठेवायची सवय लागते. पीडीएफ स्टॉलवर छापून वाटायची असेल तर प्रकाशकाची परवानगी घ्यावी, मजकुराचा हक्क बहुतेक ठिकाणी त्यांच्याकडे असतो.

मोजमापासाठी चौकशीच्या रजिस्टरात ‘कुठे वाचलंत?’ असा एक रकाना पुरतो. क्यूआर कोड द्यायचा तर प्रत्येक मासिकाला वेगळा, किमान दोन सेंटिमीटरचा आणि फक्त काळ्या शाईतला. चार रंगांत छापला आणि रंगांचं रजिस्ट्रेशन (एकमेकांवर नेमकं बसणं) जरासं सरकलं की तो स्कॅन होत नाही. लेखाखाली मोबाइल नंबर कंपनीच्या नावावरच्या सिमचा द्यावा. हे अंक टूलरूमच्या कपाटावर वर्षानुवर्षं पडून असतात, आणि फोन येतो तेव्हा मार्केटिंगचा मुलगा नोकरी सोडून दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो, नंबर सोबत घेऊन.